लेबलवरचं पूर्ण नाव

"पूर्ण नाव?" कारखान्याच्या मॅनेजरनं विचारलं.

मी सांगितलं. आडनाव ऐकून तो माझ्या ऑफिसातल्या सरांकडे बघून हसला. मग मला म्हणाला, "तुमच्या लोकांना असल्या घाण पाण्याची सवय असते ना?"

सरांनी हातातली फाईल उघडली. शाळेनं मला इंग्रजी शिकवलं होतं, उलट बोलायला नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. अंबरनाथहून बदलापूरकडे जाताना लागणारा कारखाना. भूजल तपासणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी नवी होते. कारखान्याचं सांडपाणी मागच्या खड्ड्यात सोडत. खाली काळा कातळ. त्यातून काही झिरपत नाही, असं मॅनेजरचं म्हणणं. पण कातळाला भेगा असतात. पाणी भेग धरून जातं. जवळची विहीर सोडून लांबचा हातपंप गाठतं. तो हातपंप बौद्ध वस्तीत होता. तिथे माझी मावशी राहायची. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं.

सरांनी कारखान्याच्या बागेतल्या विहिरीचं पाणी बाटलीत भरलं. "हातपंप म्हणून लेबल लाव." नोकरी जाईल या भीतीनं लावलं. नमुना घेणाऱ्याच्या जागी नेहमीसारखी माझी फक्त आद्याक्षरं.

सर मॅनेजरबरोबर जेवायला बसले. मी चालत वस्तीत गेले. मावशीनं पाण्याचा ग्लास पुढे केला. रॉकेलसारखा वास. ग्लास हातात धरून बसले. तोंडाला लाववेना.

"मॅडम झालीस म्हणून आमचं पाणी चालत नाय का आता?" ती हसत म्हणाली. डोळे हसत नव्हते.

लोक आपल्या हातचं पाणी घेत नसत, हे मला तिनंच सांगितलं होतं. आज तिच्या घरात मी घेत नव्हते.

"मावशी, यात कारखान्याचं सांडपाणी आहे. पिऊ नकोस."

"वास तर येतोच गं. डाळ पण शिजत नाय. पण तुझे साहेब लोक लिहून देतात ना, चांगलंय म्हणून."

"आज मीच लिहून दिलंय."

तिनं माझ्या हातातला ग्लास घेतला, बाहेर ओतला. त्या ओतण्याची मला मॅनेजरपेक्षा जास्त भीती वाटली.

माझ्या पिशवीत एक रिकामी बाटली होती. ती घेऊन आम्ही हातपंपावर गेलो. मावशी बराच वेळ पंपाचा दांडा मारत राहिली. पाइपात साठलेलं पाणी जाऊ दिलं. मी बाटली ताज्या पाण्यानं तीनदा विसळली. मग भरली.

कारखान्यात परत जाऊन सरांसमोर पहिल्या बाटलीचं लेबल फाडलं. "हे बागेतल्या विहिरीचं पाणी आहे. हातपंपाचं हे."

"नोकरी नकोय का तुला?"

"हवी आहे, सर."

नव्या लेबलवर आद्याक्षरं लिहिली नाहीत. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. अक्षर वाकडं आलं. भीती गेली नव्हती. अजूनही जात नाही. पण त्या नावाखाली खोटं पाणी कधी जाणार नाही.