हंटरच्या नाकातला नट

अठरा वर्षं ज्याला मी मित्र म्हणत आलो, त्याने माझ्या घरातलं विमान बदललं. मोडलं असतं तर मी आठ दिवस तोंड फुगवून बसलो असतो आणि नवव्या दिवशी त्याच्याकडे चहा प्यायला गेलो असतो. त्याने ते बदललं, आणि मला सांगितलं नाही. अजून लिहिताना राग येतो.

विमान म्हणजे प्लास्टिकचं मॉडेल. जुनं हंटर, लढाऊ, खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्शाचं, वीतभरापेक्षा जरा मोठं. मी सरकारी खात्यात नकाशे काढायचो, आता निवृत्त आहे. पोरं शिकून बाहेरगावी गेली. नागपूरच्या बेसा भागातल्या घरात मी, बायको आणि माझे वडील. विमानं जोडायचा नाद मला बाबांमुळे लागला. ते हवाई दलात फिटर होते आणि त्यांची निम्मी नोकरी हंटरच्या पोटाखाली उताणं पडून गेली. आता त्यांनी पंच्याऐंशी ओलांडली आहे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, फक्त उजेड-अंधार तेवढा कळतो.

आमची सहा जणांची टोळी. दर रविवारी सकाळी मित्राच्या दवाखान्यावरच्या खोलीत जमायचो. मित्र दातांचा डॉक्टर. दात कोरायच्या अवजारांनी तो विमानाच्या पंखावर अशा बारीक रेघा कोरायचा की आम्ही नुसते बघत बसायचो. बाकी वेळ भांडण. मे महिन्यात फवाऱ्याने रंग मारावा की नाही, यावर आम्ही दरवर्षी नव्याने भांडलो आहोत. नागपूरच्या उन्हात रंग पंखापर्यंत पोचायच्या आधीच हवेत वाळतो आणि विमानावर रव्यासारखा बसतो. एक जण विमानतळाजवळच्या मिहानमधल्या कंपनीत संगणकावर काम करणारा, तो जुन्या फोटोवरून रंग मोजायचा. मी त्याला म्हणायचो, "अबे, त्या फोटोचाच रंग पन्नास वर्षांत उडाला, अन् तू उडालेला रंग मोजून राहिला!" तो चिडायचा. मग मी घरी येऊन बाबांना विचारायचो आणि पुढच्या रविवारी निकाल सांगायचो. बाबांचा निकाल कुणी मोडत नसे.

माझी दोन मतं ठाम होती. एक, विमान मळवायचं नाही. आमच्यातले बरेच जण मॉडेल झालं की त्यावर काजळी, तेलाचे ओघळ, गंज असं काय काय रंगवतात, ते जुनं दिसावं म्हणून. मला ते ढोंग वाटायचं. बाबा म्हणायचे, "आमी रोज पुसत होतो गा विमान, असं घाण ठेवलं असतं तर साहेबानं उभं केलं असतं." दुसरं मत असं, की आतलं सगळं बनवायचं. वैमानिकाच्या खुर्चीमागची भिंत, पट्ट्या, फासळ्या, सगळं. एकदा धडाचे दोन तुकडे चिकटवले की त्यातलं काही कुणाला दिसत नाही. नाही दिसत तर नाही दिसत.

मित्राचं मत बरोबर उलटं. "जे दिसत नाही ते काहून बनवतं बे? दातावर टोपी बसवली की आतमध्ये काय हाय ते पेशंट पाहते काय?" यावर आम्ही अठरा वर्षं हसत-हसत भांडलो. मला वाटायचं, हे विमानांपुरतं भांडण आहे.

हंटरला तीन चाकं असतात, पुढे एक आणि मागे दोन. मॉडेल शेपटीकडे जड होतं आणि ढुंगणावर बसतं. म्हणून जोडायच्या आधी नाकात वजन भरावं लागतं. आम्ही सगळे मासे धरायच्या गळाच्या शिशाच्या गोळ्या घालतो. मी हंटर जोडायला घेतलं तेव्हा बाबांनी त्यांच्या दाढीच्या डबीतून एक नट काढून दिला. चिंचोक्याएवढा. त्यांचं एक हंटर मोडीत निघालं तेव्हा त्यांनीच ते खोललं होतं आणि पुढच्या चाकाजवळचा हा नट साहेबाला विचारून ठेवून घेतला होता. "हा घाल नाकात," ते म्हणाले. तेव्हा त्यांना थोडं दिसायचं. मी शिसं भरलं, त्यावर नट चिकटवला, मागून प्लास्टिकची भिंत लावली आणि धड बंद केलं.

दुसऱ्याच उन्हाळ्यात कूलर बिघडला, घराची भट्टी झाली आणि आतला गोंद सुटला. विमान तिरकं केलं की नाकात टिक वाजायचं. आमच्या टोळीत हा मोठा दोष. मित्र चिडवायचा, "तुह्या विमानाच्या पोटात खडे झाले." मी त्याला नटाची गोष्ट एकदा नाही, दहादा सांगितली असेल.

बाबांची नजर पुरती गेल्यावर तो दोषच कामाला आला. रविवारी आंघोळ झाली की ते खुर्चीत बसून हात पुढे करायचे. मी हंटर द्यायचो. ते पंखांवरून बोट फिरवायचे, मग कानाजवळ नेऊन हलवायचे. टिक. टिक. "हाय," म्हणायचे, आणि तासभर जुन्या गोष्टी सांगायचे. एरवी दिवसभर गप्प असणारा माणूस. मला त्या टिकटिकीसाठी रविवार हवा असायचा, खरंच सांगतो.

गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या सभागृहात आम्ही मॉडेलांचं प्रदर्शन भरवलं. नेमकं त्याच दिवशी आम्हाला उमरेडला लग्नाला जायचं होतं. मित्र म्हणाला, "मी नेतो न तुहं हंटर, टेन्शन काहून घेतं?" दिलं. प्रदर्शन झालं, पण विमान परत येईना. आधी म्हणाला फोटो काढायचे आहेत, मग म्हणाला धूळ साफ करतो आहे. तीन आठवड्यांनी स्वतः घेऊन आला, कापसात गुंडाळून.

मी न्याहाळून पाहिलं. सगळं जागच्या जागी. डाव्या पंखावर रंगात ब्रशचा एक केस अडकला होता, माझी जुनी चूक, तीही होती. मी बायकोला म्हटलं, "बघ, असा जपतो माणूस दुसऱ्याची वस्तू!" हे वाक्य आठवलं की आता स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

रविवारी बाबांनी हात पुढे केला. बोट फिरवलं. कानाजवळ नेलं. हलवलं. पुन्हा हलवलं.

"वाजून नाही राहिलं."

"चिकटला असेल, बाबा."

त्यांनी तिसऱ्यांदा हलवलं आणि विमान माझ्याकडे केलं. "हे माह्यं नाही."

मी मित्राला फोन लावला. तो लगेच म्हणाला, "अरे हो, सांगायचं राहिलं. ते खडखडत होतं न, मीच बसवलं. चाकाच्या भोकातून गोंद सोडला." मला इतकं हायसं वाटलं! बाबांना सांगितलं. ते ऐकून घेत नव्हते. दोन दिवस तेच, "वजन वेगळं हाय. उघड." शेवटी त्यांचं समाधान व्हावं म्हणून मी बारीक करवत घेतली आणि दुपारी, खिडकीत बसून, सांध्यावरून धड कापलं.

आत कोरं राखाडी प्लास्टिक. माझ्या हिरव्या फासळ्या नाहीत, भिंत नाही, पट्ट्या नाहीत. नाकात मातीच्या लगद्यात दाबलेल्या शिशाच्या चार गोळ्या. बाहेरून माझं हंटर आणि आतून काहीच नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. आम्ही दोघांनी एकाच वेळी या हंटरचे दोन खोके मागवले होते. त्याचा तसाच पडून होता. मी पंखावरचा तो केस नखाने ओढून पाहिला. माझी चूकसुद्धा त्याने मुद्दाम, चिमट्याने धरून, बसवली होती.

"काय दिसलं?" बाबांनी विचारलं.

"नट नाही यात," मी म्हटलं. "दुरुस्त करताना डॉक्टरकडे राहिला असेल. आणतो." डॉक्टरने आपल्याला फसवलं, हे बोलायला जीभ उचलली नाही.

तसाच दवाखान्यात गेलो. दोन पेशंट बाहेर गाल धरून बसले होते. मी दोन्ही तुकडे त्याच्या टेबलावर ठेवले. त्याने पाहिलं आणि हातमोजे काढले.

"पॅकिंग करताना पडलं गा," तो म्हणाला. "पंख तुटला, नाक फुटलं. तुले सांगितलं असतं तर तू जन्मभर बोलला नसता."

"नट कुठाय?"

"कोणता नट?"

"कोणता नट म्हणजे? नाकातला!"

"ते वजन? टाकलं असंल तुकड्यांसोबत. कचऱ्याच्या गाडीत गेलं." आणि मग, मला समजावल्यासारखं, "खरं सांग, मी काही न सांगता आणून दिलं, तर तुले फरक दिसला काय?"

मी म्हटलं, "आंधळ्या माणसाला दिसला."

तेव्हा त्याला उमगलं. चेहरा उतरला त्याचा, ते मी पाहिलं. पण तो नट त्याच्या लक्षातच नव्हता. दहादा सांगितलेली गोष्ट दहाही वेळा त्याने ऐकलीच नव्हती. तो माफी मागत राहिला आणि मी निघून आलो. त्या दिवसापासून रविवार बंद. टोळीतल्या बाकीच्यांचे फोन आले. मिहानवाला म्हणाला, "पण काका, तीन आठवड्यांत हुबेहूब दुसरं बनवलं, कमाल हाय न?" त्याला मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाबा मात्र रोज विचारायचे, "भेटला काय नट?" सकाळी चहाला, संध्याकाळी दिवा लावताना. मी म्हणायचो, डॉक्टर शोधतो आहे. रविवारी हात पुढे करणं त्यांनी सोडलं. गोष्टी बंद झाल्या. जेवण कमी झालं. एकदा म्हणाले, "जाऊ दे गा, मी तरी किती दिवस हलवणार हाय आता."

हे मला सहन झालं नाही.

हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, कशाला पाहिजे? मी म्हटलं, नळाला. चिंचोक्याएवढा नट मिळाला, पण नवाकोरा, चकचकीत. बाबा कदाचित हातात मागतील म्हणून मी तो पॉलिश पेपरने घासला, मिठाच्या पाण्यात चार दिवस ठेवला, गंज धरल्यावर पुसला, पुन्हा ठेवला. जुनं दाखवायच्या कलेला मी अठरा वर्षं ढोंग म्हणत आलो, आणि हात असा चालला की जणू आयुष्यभर तेच केलं होतं. मग त्या खोट्या विमानाच्या नाकात थोडं शिसं घातलं, नट सुटा ठेवला, मागून भिंत लावली, धड चिकटवलं, सांधा घासून रंगवला. फासळ्या नाही बनवल्या. कशाला बनवायच्या?

रविवारी बाबांच्या हातात दिलं. त्यांनी कानाजवळ नेलं. टिक.

पुन्हा हलवलं. टिक.

"हाय," ते म्हणाले. मग विमान मांडीवर ठेवलं. "कुठं भेटला?"

"डॉक्टरच्या कपाटाखाली होता."

"पाह्य! मी तुले म्हणत होतो, माणूस वाईट नाही तो. तू उगाच त्याच्याशी अबोला धरून बसला. पुढच्या रविवारी बोलव त्याले. मले त्याचे हात धरायचे हायेत."

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी टाळलं. बाबांनी सोमवारी विचारलं, मंगळवारी विचारलं. "बोलावलं काय?" एक खोटं सांगितलं होतं, ते आता मला एकट्याला सांभाळता येईना. शेवटी, भांडणानंतर चार महिन्यांनी, मी त्याला फोन केला. म्हटलं, "रविवारी ये. नट तुझ्या कपाटाखाली सापडला, एवढंच म्हणायचं. बाकी तुझं-माझं काही नाही." त्याने किती वाजता ते विचारलं. मग म्हणाला, "येतो."

आला. बायकोने तर्री-पोहे केले होते. बाबांनी चाचपडत त्याचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. "डॉक्टरसाहेब, तुमचे उपकार झाले. मले वाटलं गेलाच."

मित्राने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता याला बोलणं जमणार नाही, रडेल तरी, नाहीतर खरं सांगून टाकेल. खरं सांगितलं असतं तर, देवाशपथ, मी त्याला माफ केलं असतं.

"कपाटाखालीच होता, काका," तो म्हणाला. "बाई झाडून राहिली होती. झाडू लागला अन् टिककन आवाज आला. मी म्हटलं, हा तर काकांचा नट!"

बाबा हसले. किती महिन्यांनी! "टिककन?" त्यांनी विचारलं, आणि विमान कानाशी नेऊन हलवलं.

बाई आणि झाडू मी त्याला सांगितलं नव्हतं. ते त्याने स्वतःचं घातलं होतं, पंखावरच्या त्या केसासारखं. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण बाबांनी हंटरची गोष्ट सुरू केली होती, आणि त्याची बशी रिकामी झालेली पाहून मी त्याला आणखी पोहे वाढले.