नरहरनानांचा राजीनामा

रायपूरला समुद्र नाही. तळी आहेत. त्यातल्या एका तळ्याच्या काठाला फरशी घालून, दिवे लावून लोकांनी त्याला मरीन ड्राइव्ह म्हणायला सुरुवात केली, आणि तळ्यानंही कधी तक्रार केली नाही. तिथे संध्याकाळी भुट्टा खात उभं राहिलं की पलीकडच्या काठावर भुट्टा खाणारी माणसं ओळखू येतात. तरी मरीन ती मरीनच. ज्या शहरानं तळ्याचा समुद्र केला, तिथल्या एका कंपनीनं उद्या समुद्राला आपलं तळं समजून त्यात हात घातला, तर नवल कशाला करायचं?

त्या कंपनीचं नाव लोहतरंग. लोखंड वितळवण्यात तिची हयात गेलेली. मोठ्या साहेबांच्या मनात आलं, की लोखंड परदेशी जातं ते बोटीनं, बोट लागते धक्क्याला, मग धक्काही आपलाच का नसावा? नकाशा आणवला, त्याच्यावरून बोट फिरवलं आणि कोकणातलं खारवेळी नावाचं कोळ्यांचं गाव बोटाखाली सापडलं. आपण कुणाच्या बोटाखाली आलो आहोत, हे गावाला पुढे सहा महिने कळलं नाही. ते बिचारं बोंबील वाळवत होतं.

खारवेळीचे लोक बोलतात मराठी. कंपनी बोलते हिंदी, आणि बँकेशी इंग्रजी. तेव्हा एक मराठी माणूस हवा झाला. मुंबई-पुण्याचा माणूस फार प्रश्न विचारतो असा साहेबांचा अनुभव होता. घरचाच मराठी माणूस बरा. आणि रायपूरच्याच बूढापारा वस्तीत, दुसऱ्या एका तलावापासून हाकेच्या अंतरावर, नरहर चिंचाळकर राहत होते.

चिंचाळकरांचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आले. तलवार घेऊन आले की पळीपंचपात्र, याबद्दल घरात दोन मतं आहेत. नरहरना सगळे नाना म्हणत. हिंदीत नाना म्हणजे आईचे वडील, त्यामुळे कचेरीतल्या अर्ध्या वकिलांना ते आपल्या आजोळचेच कुणीतरी वाटायचे. चाळीस वर्षं ते कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहीत बसले. अर्ज कुणीही लिहील. नाना नावाजलेले होते ते राजीनाम्यासाठी.

इथे कुणी गोंधळून जाऊ नये. रायपूरच्या कचेरीत राजीनामा म्हणजे समेटाचा कागद. बांधावरून डोकी फोडून घेतलेले भाऊ यायचे, रुसून माहेरी गेलेली बायको आणि तिचा खजील नवरा यायचा. दोन्हीकडचे राजी झाले की नाना राजीनामा लिहायचे. नोकरी सोडायची असेल तर तिथे माणूस इस्तीफा देतो. नानांनी कधी नोकरीच केली नाही. शाळा झाली हिंदीत, कामकाज झालं हिंदीत, मराठी उरली ती घरात, गणपतीत आणि रागात. राजीनाम्याचा दुसराही अर्थ असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

नानांच्या मनात एकच सल होता. चाळीस वर्षांत हजारो कागद लिहिले, पण खाली नाव नेहमी दुसऱ्याचं. प्रार्थी अमका, प्रार्थिनी तमकी. शेत लिहून मिळालं, नांदणं जुळलं, आणि नाना कुठेच नाहीत. एकदा, मरायच्या आधी एकदा, छापील मजकुराखाली आपलं नाव यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. देवापाशी म्हणून झालं होतं. देवानं ते कंपनीकडे पाठवलं.

कंपनीकडून आला शिशिर. पुरानी बस्तीतल्या मराठी घरातला मुलगा, गळ्यात ओळखपत्र, पदाचं नाव ‘जनसंवाद अधिकारी’. बोललेली मराठी सगळी समजायची त्याला, कागदावरची मात्र डोक्यावरून जायची; उत्तर हिंदीतच द्यायचा.

“नानाजी, एक परचा लिखना है. मराठी में. मैं खुद लिख देता, पर वो मात्रा-वात्रा में गड़बड़ हो जाती है.”

“कोणासाठी लिहायचा?”

“गाँववालों के लिए. विकास का है. नीचे आपका नाम छपेगा. भाषा सल्लागार.”

नानांनी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. “मोबाइल नंबरही छापा,” ते म्हणाले. “कोणाले काही विचारायचं असलं तर?”

शिशिर हसला. विकासाबद्दल कुणी उलट काही विचारतं, हे त्यानं ऐकलं नव्हतं.

नानांनी तीन दिवस खपून हिंदी कागदाची मराठी केली. प्रमोदिनीबाई, त्यांच्या पत्नी, वर्ध्याच्या. मराठी शाळेत शिकलेल्या. त्यांनी दोनदा विचारलं, “अहो, मले वाचून तर दाखवा.”

“चाळीस वर्षं लिहून राहिलो मी. आता तू मले शिकवशील?”

“शिकवत नाही जी. फक्त ऐकते म्हटलं.”

“छापून आलं की ऐकशील.”

छापून आलं. गुळगुळीत कागद, वर समुद्राचं चित्र, त्यात खारवेळीला कधीही न दिसलेली पांढरी बोट, आणि खाली ठळक: मराठी मजकूर, नरहर चिंचाळकर, भाषा सल्लागार, रायपूर. नानांनी चौकट करून घेतली आणि परचा बैठकीत टांगला. कंपनीनं शाल दिली. अख्ख्या बूढापाऱ्यानं येऊन परचा पाहिला. वाचला कुणी नाही, कारण वाचता येणारी एकच बाई घरात होती, आणि ती रुसली होती.

रविवारी फोन आला. नानांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर.

“चिंचाळकर तुमीच का ओ? भाषा सल्लागार?”

“हव, हव! मीच. आपण कोण?”

“मी गोदावरी. खारवेळीची. सुकी मासळी इकते. तुमचा कागद आमच्या बायकांनी वाचला. पाच वेळा वाचला. पोट दुखेपर्यंत.”

नानांचा चेहरा फुलला. “काहून बरं? येवढा आवडला?”

“वाचूनच दावते की.” आणि पलीकडून खणखणीत आवाजात नानांची मराठी परत आली:

“‘लोहतरंग कंपनी आपल्या गावाच्या विकासाची पूर्ण चेष्टा करील.’ ती तर चालूच हाय. ‘कंपनी आल्यावर गावात यातायात वाढेल.’ वाढलीच म्हणायची, चार वेळा तालुक्याला खेटे घातले. ‘गावातील प्रत्येक मुलाला कंपनी मोफत शिक्षा देईल.’ कशाबद्दल ओ? पोरांनी काय केलंनी तुमचं?”

मागे बायकांचं हसू लाटेसारखं येऊन फुटलं. नानांना कळेना. ते प्रमोदिनीबाईंकडे पाहू लागले. बाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्या हसताहेत की रडताहेत, हे पदराआडून समजत नव्हतं.

“चेष्टा म्हणजे प्रयत्न...” नाना पुटपुटले.

“हिंदीत, अहो, हिंदीत,” बाई हळूच म्हणाल्या. “मराठीत थट्टा. यातायात म्हणजे वाहतूक नव्हे, हालअपेष्टा. आन् शिक्षा म्हणजे दंड.”

“आन् पुढं ऐका,” गोदावरीचा आवाज आला. “‘किनाऱ्यावर खाली पडलेली जमीन कंपनी घेईल.’ खाली पडली? कुठनं पडली? आमी सकाळपासून पाहतो, हाय तिथंच हाय.”

“खाली म्हणजे रिकामी,” नाना म्हणाले. “कागदात तसंच होतं. खाली पडी जमीन.”

पलीकडचं हसणं एकदम थांबलं.

“रिकामी?” गोदावरी म्हणाली. “थांबा. फोटो धाडते.”

फोटो आला. पुळणीवर बांबूंच्या रांगा, एकामागे एक, दूर पाण्यापर्यंत, आणि प्रत्येक बांबूवर तोंडात तोंड अडकवून टांगलेले बोंबील, हजारांनी. मधून बायका चाललेल्या, डोक्यावर टोपल्या. पाय ठेवायला जागा नव्हती. कंपनीच्या कागदात ही रिकामी जमीन होती. नानांनी फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. चाळीस वर्षांत बांधाच्या भांडणात त्यांनी पुष्कळ खोटे नकाशे पाहिले होते. पण त्यातही उभं पीक कुणी पडीक म्हणून दाखवलं नव्हतं. तेवढी लाज गावातल्या चोराला असते.

“शेवटचं एक सांगते,” गोदावरी म्हणाली. “खाली लिवलंय, ‘ज्यांना आपत्ती नाही त्यांनी त्वरित राजीनामा द्यावा.’ आमचा सरपंच दोन दिवस जेवला नाय. त्याला वाटलं, कंपनी त्याला पदावरनं काढते.”

नानांनी फोन ठेवला. बाईंकडे वळून म्हणाले, “राजीनामाही?”

“नोकरी सोडाले देतात तो,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. “आन् आपत्ती म्हणजे मराठीत संकट, हरकत नव्हे.” त्यांनी टोमणा मारला नाही, आणि तेच नानांना जास्त लागलं. भिंतीवरच्या चौकटीतून त्यांचं नाव त्यांच्याकडे बघत होतं.

दुसऱ्या दिवशी शिशिर घामाघूम होऊन आला.

“नानाजी, ये क्या कर दिया आपने! जनसुनवाई में लोग हँस रहे थे! विरोध करते तो हम समझते, विरोध की तो तैयारी रहती है. हँसी का क्या करें? साहब ने पूछा, हँस क्यों रहे हैं, किसी के पास जवाब नहीं था.”

त्याच्या हातात चिठ्ठी होती. कोकणातल्या कुणीतरी कंपनीला कळवलेले चुकीचे शब्द: शिक्षा, यातायात, चेष्टा. तीनच. राजीनाम्याचं नाव नव्हतं. ते कळवायला बहुधा सरपंचाला लाज वाटली असावी.

“ये तीन शब्द नहीं चाहिए. अब सिर्फ एक राजीनामा लिख दीजिए. गाँव की तरफ से, कि ज़मीन खाली है, वहाँ कुछ होता नहीं, और सब राज़ी हैं. एकदम शुद्ध मराठी में. हर घर में बँटेगा, लोग बस दस्तखत करेंगे. और आपका नाम इस बार बड़ा. बस स्टैंड पर फ्लेक्स भी लगेगा, नाम के साथ फोटो.”

“उद्या देतो,” नाना म्हणाले.

शिशिर गेल्यावर ते कागद पुढ्यात घेऊन बसले. बाई समोर तांदूळ निवडत होत्या.

“खाली जमीनले बरोबर शब्द कोणता?”

“ओसाड. नाहीतर पडीक.”

नानांनी ‘ओसाड’ लिहिलं. शब्द सुरेख दिसत होता. अक्षर वळणदार, अर्थ चोख, पहिल्यांदाच कुठेही चूक नाही. ते त्या शब्दाकडे पाहत राहिले.

“काय झालं जी?”

“तेव्हा शब्द चुकीचे होते, प्रमोदिनी. पण गोष्ट खरी होऊन गेली. आता शब्द बरोबर आहे, आन् गोष्ट...” त्यांनी मोबाइल उघडून बोंबलांचा फोटो बाईंसमोर धरला. “हे काय ओसाड आहे?”

बाईंनी फोटो पाहिला, आणि तांदळात बोट फिरवत म्हणाल्या, “मोठ्ठं नाव येईल म्हणते तो पोट्टा. फ्लेक्सवर.”

“हव.”

“चाळीस वर्षं वाट पाहिली तुम्ही.”

“हव ना.”

बाई पुन्हा निवडायला लागल्या. तांदळातले खडे मात्र त्या दिवशी जरा जोरात ताटाबाहेर पडत होते.

नानांनी ‘ओसाड’ खोडलं. नवा कागद घेतला. वर मधोमध लिहिलं, राजीनामा. या वेळी त्यांनी प्रत्येक ओळ बाईंना वाचून दाखवली, आणि बाईंनी सात ठिकाणी अडवलं.

राजीनामा

मी, नरहर चिंचाळकर, राहणार बूढापारा, रायपूर, लोहतरंग कंपनीचा भाषा सल्लागार या पदावरून आज दूर होत आहे. खारवेळीचा किनारा रिकामा आहे असे मी माझ्या नावाने लिहिले होते. तो किनारा मी डोळ्यांनी पाहिला नव्हता. आता फोटोत पाहिला. तो रिकामा नाही. तिथे गावाचे अन्न वाळत आहे. गाव राजी आहे असे लिहिण्यास मला सांगितले आहे. गावाला कुणी विचारलेले नाही. जिथे एकच बाजू बोलते, त्या कागदाला मी चाळीस वर्षांत कधी समेट म्हटले नाही, आणि आज म्हणणार नाही.

आणि खाली, जन्मात पहिल्यांदा, कुणा प्रार्थ्याच्या जागी स्वतःची सही.

शिशिर आला. त्यानं आधी वरचं नाव पाहिलं: राजीनामा. बरोबर. मग बोट फिरवत तीन शब्द शोधले. “शिक्षा नहीं. यातायात नहीं. चेष्टा नहीं.” मधेच ‘खारवेळी’ दिसलं, ‘गाव राजी आहे’ दिसलं, खाली सही दिसली. त्याचा जीव भांड्यात पडला. “वाह नानाजी! इसे कहते हैं शुद्ध मराठी. एक शब्द समझ में नहीं आया!”

“वाचून तर पाहा,” नाना म्हणाले.

“टाइम कहाँ है? प्रेसवाला रुका है.”

नाना उंबऱ्यापर्यंत त्याच्या मागे गेले. “शिशिर, हा माझा राजीनामा आहे,” ते मोठ्यानं म्हणाले. शिशिरनं स्कूटरवरून हात हलवला, “हाँ हाँ, आपका ही है! नाम बड़ा डलवा रहा हूँ!” नानांनी अजून एकदा हाक मारली का, याबद्दल घरात दोन मतं आहेत.

कंपनीचं काम मोठं शिस्तीचं. कंपनीच्याच पैशानं, कंपनीच्याच गाडीतून, कंपनीच्याच माणसांनी तो कागद खारवेळीच्या घराघरांत पोचवला. बस स्टँडवर सहा बाय चारचा फ्लेक्स लागला, नानांच्या फोटोसकट. लोक सह्या करायलाही धावले, फक्त कागदाच्या पाठीवर, असं लिहून: नरहर चिंचाळकर म्हणतात ते आम्हांस मान्य. तो गठ्ठा कंपनीनं मोठ्या आनंदानं, आणि न वाचता, सरकारदरबारी जमा केला. पुढची जनसुनावणी बेमुदत लांबली. कंपनी काही संपली नाही, नकाशाही आहे आणि बोटही आहे. पण खारवेळीवरून ते बोट तूर्त उचललं गेलं.

पंधरा दिवसांनी नानांकडे पार्सल आलं. आत नीट बांधलेले सुके बोंबील आणि चिठ्ठी: ‘एकबी चूक नाय. गोदावरी.’ चिंचाळकरांच्या सात पिढ्यांत घरात मासा शिरला नव्हता. तो वास बैठक ओलांडून गल्लीत गेला, गल्लीतून तलावापर्यंत. प्रमोदिनीबाईंनी भिंतीवरची चौकट उतरवली, पहिला परचा काढून त्यात बोंबील गुंडाळले आणि चौकटीत नवा कागद बसवला.

त्याच वेळी शिशिर दारात येऊन थडकला. डोळे लाल. ओळखपत्र गळ्यात नव्हतं. बोलायला तोंड उघडलं, आणि आधी नाकच धरलं.

“नानाजी... ये काहे की बदबू है?”

नाना खुर्चीत ताठ बसले होते.

“समुद्र आहे,” ते म्हणाले. “तुमचा तो मरीन ड्राइव्ह नाही. असली.”

“बस ना रे पोट्ट्या,” प्रमोदिनीबाई आतून म्हणाल्या. “चहा टाकते. आन् आजपासून रोज येत जा. वाचाले शिकवते तुले.”