पाहुण्यांसाठी झाडलेली वस्ती

मांजरसुंब्याच्या चौकाजवळ, ढाब्यांच्या मागच्या अंगाला एक वस्ती आहे. वस्ती म्हणायची एवढंच. काळ्या-निळ्या ताडपत्र्या, कुठं गंजका पत्रा, कुठं निवडणुकीच्या वेळचं फाटकं फ्लेक्स. रस्ता रुंद झाला तेव्हा कडेची खोपटी उठली, त्यातली माणसं पन्नास पावलं मागं सरकली आणि तिथंच राहिली. कोणी पंक्चर काढणारा, कोणी ढाब्यावर भांडी घासणारी, काही दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी घरं. रहेमतबी त्यांच्यातलीच. पावसाळा सरत आला की ती चौकात पाटी घेऊन सीताफळं विकायला बसायची. उन्हाळ्यात टरबूज, मधल्या दिवसांत मिळेल ते.

तिचा नवरा ख्वाजा. जन्मभर त्यानं कापूस पिंजला आणि लोकांच्या गाद्या भरल्या. गावोगाव पिंजण खांद्यावर घेऊन फिरला. पुढं यंत्रं आली, तयार गाद्या आल्या आणि काम सुटलं, पण कापसाची धूळ छातीत बसली होती ती काही सुटली नाही. खोकला लागला की ताडपत्रीची कड हलायची. बीडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, याला कोरडी जागा पाहिजे, खाली ओल आणि वर प्लास्टिक असलं तर गोळ्यांचा उपयोग नाही. रहेमतबीनं मान हलवली. गोळ्या मेडिकलात मिळाल्या. कोरडी जागा कुठं मिळते, हे तिला विचारावंसं वाटलं, पण बाहेर रांग होती.

तेव्हापासून तिच्या मनात एकच गोष्ट होती. एक खोली. खाली फरशी, वर पत्रा नव्हे, स्लॅब. दार नसलं तरी चालेल, ती म्हणायची, दार मी लावीन कशाचंही.

दीपमाला बीडच्या एका संस्थेत काम करायची. येता-जाता सीताफळं घ्यायला थांबायची, तेवढ्यावरून तिची आणि रहेमतबीची ओळख. ओळख चौकातली. वस्तीत तिचं पाऊल एक-दोनदाच पडलेलं, तेही उभ्या उभ्या. एके दिवशी तिनं पाटीशेजारी बसून सगळं समजावून सांगितलं. जिल्ह्यातल्या संस्थांनी मिळून एक मंडळ केलं आहे. ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी घरं बांधायचे प्रस्ताव ठिकठिकाणाहून येतात. सरकार म्हणतं, सुटे सुटे अर्ज आणू नका, कोणाचं आधी आणि कोणाचं नंतर हे आपसांत ठरवा आणि क्रम लावून पाठवा. वरून पैसा द्यायला सुरुवात होते आणि जिथं संपतो तिथं संपतो. या खेपेला मांजरसुंब्याच्या वस्तीचाही प्रस्ताव होता. गावानं गायरानातला एक तुकडा दाखवलाही होता. आणि मंडळात एक माणूस बेघरांपैकी असावा असा नियम होता, म्हणून रहेमतबीनं यावं.

"मी काय करनार तिथं?" रहेमतबीनं विचारलं.

"बघायचं आणि मार्क द्यायचे, चाची. तुम्ही सांगा, मी लिहीन."

संध्याकाळी तिनं ख्वाजाला सांगितलं. तो उशीला टेकून बसला होता. म्हणाला, म्हणजे तू लोकांच्या घराला नंबर देनार. मग आपल्या घराला कोण देनार? तिनं सांगितलं, ते बाकीचे देतील. ख्वाजा हसला आणि हसण्याचा खोकला झाला.

ढाबेवाल्या रामहरीला कळलं तेव्हा तो गल्ल्यावरूनच ओरडला, "भाभी, साहेब झाल्या म्हनं तुमी. पन मंडळ आलं तर बसवनार कुठं? पाटीवर?"

तो चेष्टेनं बोलला, पण रहेमतबीच्या ते काळजाला लागलं. मंडळ पहिल्यांदा तिच्याच वस्तीत येणार होतं. आपण त्यात बसायचं आणि आपल्याच दारात पाहुण्यांना टेकायला जागा नाही? तिनं रामहरीकडेच त्याच्या लाल खुर्च्या मागितल्या. स्टीलचे पेलेही मागितले. वस्तीतल्या बायांना गोळा केलं. सरस्वतीबाई तिच्या शेजारची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, हाताला चपळ. तिनं दोन घरच्या माणसांना मागच्या डबक्यावर माती टाकायला लावली. भंगार, तुटक्या बादल्या, वाळत घातलेल्या गोधड्या सगळं ढाब्याच्या भिंतीआड गेलं. गळणाऱ्या ताडपत्र्या ओढून ताणून बांधल्या. सकाळी सडा पडला, सरस्वतीबाईनं रांगोळीही काढली. तशी वस्ती कोणी कधी पाहिली नव्हती. लेकरांचे केस तेल लावून बसवलेले.

राहिला ख्वाजा. रात्रीच्या पावसानं त्याची छाती भरली होती. घरघर बाहेरून ऐकू यायची. रहेमतबीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा झाडलेल्या अंगणाकडे.

"का गं बघतेस अशी?" ख्वाजा म्हणाला. मग त्यालाच उमगलं. "मी रामहरीच्या जळणाच्या लाकडाच्या खोलीत पडतो. पाव्हन्यांसमोर खोकनं बरं दिसत न्हाई."

तिनं नको म्हणायला पाहिजे होतं. ती म्हणाली, थोडा वेळच. आणि त्याची गोधडी उचलून तिथवर त्याला धरून नेलं.

मंडळ आलं. अभिमन्यू सर पुढं होते. ते निवृत्त हेडमास्तर, हळू बोलणारे, प्रत्येक शब्द तोलून टाकणारे. मागं दीपमाला आणि आणखी चार-सहा माणसं. खुर्च्यांवर बसली, चहा घेतला. रहेमतबीनं त्यांच्यासाठी डोळे उघडलेली, हाताला मऊ लागणारी सीताफळं निवडून ठेवली होती. सरांनी एक खाल्लं आणि बिया हातात धरून ठेवल्या, कुठं टाकाव्यात ते कळेना, इतकं अंगण स्वच्छ होतं.

मग त्यांनी एकेका घराला विचारलं. किती माणसं, किती वर्षं इथं, पाणी कुठून. सगळ्यांनी, रहेमतबीनं शिकवल्यासारखं, ठीक हाय, बरं हाय, चाललंय म्हणून सांगितलं. पाहुण्यांपुढं रडगाणं कोण गाणार? तिच्या दारात येऊन सरांनी विचारलं, "घरात कोणी आजारी?"

"न्हाई," रहेमतबी म्हणाली.

दीपमालाचं पेन कागदावर टेकलं आणि पुढं सरकलं. जाताना सर म्हणाले, गरीब असले तरी लोक नीटनेटके आहेत. रहेमतबीला ते शाबासकीसारखं वाटलं. तिनं वस्तीत सगळ्यांना सांगितलं, सरांनी कौतुक केलं आपलं. ख्वाजाला परत आणलं तेव्हा त्याच्या कपड्यांना लाकडाचा भुसा लागला होता. तो म्हणाला, चोरीच्या मालासारखा लपवलास की मला. पण रागानं नाही.

चार दिवसांनी मंडळ नांदूरघाटला गेलं. आता रहेमतबी पाहुण्यांच्या बाजूनं होती, जीपमध्ये खिडकीशी बसलेली. तिथं बाजाराचं जुनं शेड होतं आणि त्यात काही बाया राहत होत्या. कोणाला सासरनं काढलेलं, कोणाचं कोणीच उरलेलं नाही. पाहुणे येणार हा निरोप त्यांना पोचलाच नव्हता. पाऊस नुकताच उघडला होता. शेडच्या मधोमध पाणी, त्यावर विटा मांडून वाट केलेली. एका कोपऱ्यात चूल पाण्यात. चंद्रभागाबाई म्हणून एक म्हातारी पाय लांब करून पडली होती. पाय सुजून काळानिळा झालेला, त्यावर माशा. एवढी माणसं अचानक आत आलेली बघून तिनं पहिल्यांदा पदर ओढून पाय झाकला.

"सांगून तरी यायचं," चंद्रभागाबाई रहेमतबीला म्हणाली, कारण त्या घोळक्यात तीच तिला आपल्यासारखी दिसली. "झाडून तरी घेतलं असतं. लई लाज वाटती बाई."

रहेमतबी तिच्याजवळ खाली बसली. तेवढ्यात तिची नजर वर गेली. अभिमन्यू सर चष्मा काढून पुसत होते. दीपमाला लिहीत होती, थांबतच नव्हती, पान उलटून पुन्हा लिहीत होती. मांजरसुंब्यात तिचं पेन इतकं चाललं नव्हतं.

खुर्च्या, पेले, रांगोळी, डबक्यावर टाकलेली माती एकामागून एक रहेमतबीच्या डोळ्यांपुढून गेली, आणि शेवटी लाकडाच्या खोलीचं लावलेलं दार.

परतताना जीपमध्ये रहेमतबी पुन्हा खिडकीशी बसली. तिला वाटत होतं, दीपमालाला बाजूला घेऊन सांगावं. पण सांगायचं काय? की त्या दिवशी आम्ही तुम्हाला फसवलं. सरांसमोर मी खोटं बोलले. ज्या माणसानं आपल्या वस्तीला नीटनेटकी म्हटलं, त्याला कसं सांगायचं, की ते सगळं मागून आणलेलं होतं?

बैठक बीडला एका शाळेत झाली. लाकडी बाकांवर सगळे बसले. एकेका प्रस्तावावर बोलणं झालं. आष्टीच्या बाजारातल्या हमालांसाठी निवारा मागणारा बिभीषण तिथला कार्यकर्ता, मंडळातलाच. तो त्वेषानं बोलला, हमाल पोत्यांवर झोपतात, त्यांच्यातल्या एकाला साप चावला म्हणाला. नांदूरघाटची पाळी आली तेव्हा दीपमालानं रहेमतबीकडे वाकून विचारलं, चाची, दहापैकी किती?

कमी सांगितलं असतं तरी कोणाला कळणार नव्हतं. बिभीषणनं नांदूरघाटला सांगितलंच होतं कमी, ती ऐकत होती. तिला तो पदर ओढलेला पाय दिसला.

"धा," ती म्हणाली.

मग मांजरसुंबा. आपल्या वस्तीवर बोलणं होताना तिनं बाहेर थांबायचं, असा नियम. ती उठली. दाराशी पोचली तेव्हा अभिमन्यू सरांनी मागून हाक मारली, "रहेमतबी, जायच्या आधी तुमच्या वस्तीबद्दल आणखी काही सांगायचंय?"

सगळे तिच्याकडे बघत होते. तोंड उघडलं की झालं असतं. माझा माणूस आजारी हाय, एवढंच तर. पण ते म्हणायचं तर त्याच्या आधी दुसरं म्हणावं लागणार होतं आणि त्याला तिची जीभ उचलेना.

"जे पाहिलं ते हाय," ती म्हणाली आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

नांदूरघाट पहिलं आलं. आष्टी दुसरं. मांजरसुंबा त्याच्या खाली. पैसा पहिल्यालाच पुरला, दुसऱ्याच्या वाट्याला थोडा आला. दीपमाला हे सांगायला मुद्दाम वस्तीत आली, दारात बसली आणि म्हणाली, पुढच्या वर्षी पुन्हा टाकू, चाची, निराश होऊ नका. तेवढ्यात आतून खोकला सुरू झाला आणि थांबेना.

"आत कोण?"

"आमचे घरवाले."

दीपमाला उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "त्या दिवशी तर तुम्ही म्हणालात..." एवढं बोलून ती थांबली. रहेमतबीनं अंगणातली एक काडी उचलली आणि मोडत राहिली. दीपमाला म्हणाली, "पुढच्या वर्षी काही झाडू नका. आहे तसं दिसू दे."

वस्तीत सगळ्यांना कळलंच. सरस्वतीबाईनं भरल्या पाणवठ्यावर तोंड सोडलं, तूच आमाला झाडायला लावलंस, आमी रांगोळ्या घातल्या आन् तिकडं नंबर गेला. रहेमतबीनं हंडा भरला आणि निघाली. नंतर सरस्वतीबाईच आली आणि ख्वाजासाठी गरम पेज देऊन गेली.

थंडीत ख्वाजा गेला. शेवटचे काही दिवस तो बसूनच झोपायचा. एकदा तिला म्हणाला, जिवाला लावून घेऊ नकोस, खोकत बसलो असतो तर सीताफळ त्यांच्या घशाखाली उतरलं नसतं. तिला हसू आलं नाही. कबर खणताना माती अगदी कोरडी निघाली, असं नंतर कोणीतरी येऊन तिला सांगितलं. कशाला सांगितलं, कोण जाणे.

वर्ष फिरलं. सीताफळं पुन्हा बाजारात आली आणि मंडळ येणार असा निरोप आला. या खेपेला वस्तीनं आधीच ठरवलं होतं. कोणी काही करायचं नाही. डबकं तसंच ठेवायचं, गोधड्या तशाच, ताडपत्र्या फाटल्या तर फाटल्या. रहेमतबीनं स्वतः घरोघर सांगितलं. रामहरीनं खुर्च्या नेता का म्हणून विचारलं तर नको म्हणाली.

त्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा बाहेर खराट्याचा आवाज येत होता. सरस्वतीबाई अंगण झाडत होती. रहेमतबीला बघून ती ओशाळली.

"पाव्हने येनार म्हनलं की हात ऱ्हात न्हाई गं," ती म्हणाली. "थोडंच झाडते."

रहेमतबी बघत उभी राहिली. मग आत गेली, पाटीतली सीताफळं एकेक दाबून बघायला लागली, पिकलेली बाजूला काढायला लागली. थोड्या वेळानं ती रामहरीच्या ढाब्यावर गेली आणि एक खुर्ची मागून आणली. एकच, सरांसाठी. ते म्हातारे, त्यांना खाली बसता येत नाही.

मंडळ आलं. अभिमन्यू सर त्या खुर्चीवर बसले. मागल्या वर्षीपेक्षा थकलेले दिसत होते. दीपमाला उभी होती. तिनं झाडलेल्या अंगणाकडे पाहिलं. या खेपेला कागद सरांनी स्वतःच हातात घेतला होता. ते एकेक प्रश्न वाचत होते. घरात माणसं किती. रहेमतबीनं सांगितलं, एक. किती वर्षं इथं. तिनं सांगितलं.

"घरात कोणी आजारी?"

दीपमालानं मान दुसरीकडे वळवली.

"न्हाई," रहेमतबी म्हणाली.

सरांनी ते लिहून घेतलं. तिनं एक सीताफळ उकललं आणि पानावर ठेवून त्यांच्यापुढं केलं.