शिग्रामला लागलेली हळद

धाकट्या बहिणीच्या घरी शिग्राम आली तेव्हा माझ्या पोटात दुखलं, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जे केलं आणि जे केलं नाही, ते सगळं त्या दुखण्यातून आलं. आता वय झालं. लपवून ठेवण्यात काही राम उरलेला नाही.

आम्ही दोघीच बहिणी. मला ठाण्यात दिली, तिला कल्याणात. आमच्या घरचे कचेरीत कारकून, तिचे यजमान वकील. माझं धुणं तळ्यावर, डोक्यावर पाटी घेऊन पायी. तिच्या परसात विहीर. रंग तिचा उजळ, माझा सावळा, ते तर जन्मापासूनचं. एवढं सगळं मी गिळलं होतं. शिग्राम मात्र गिळता येईना.

शिग्राम म्हणजे चहूबाजूंनी बंद असलेली घोडागाडी, पालखीला चाकं लावावीत तशी. वर फळ्यांचं छत, त्यावर काळं कातडं ताणून बसवलेलं, खिडक्यांना लाकडी झडपा, आत समोरासमोर दोन गाद्या. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाकडून बहिणीच्या यजमानांनी ती दसऱ्याच्या तोंडावर विकत घेतली आणि पूजेला आम्हा उभयतांना बोलावणं आलं. आगगाडीने कल्याणला उतरून त्यांच्या घरापर्यंत आम्ही चालत गेलो. शिग्राम आम्हाला आणायला येईल असं वाटलं होतं, पण ती पूजेसाठी धुऊन ठेवली होती म्हणे.

अंगणात सगळं यथासांग मांडलेलं. चाकांवर कुंकवाची बोटं, घोड्याच्या गळ्यात झेंडूची माळ. मी गाडीभोवती दोनदा फिरले. इतरांना वाटलं कौतुकाने फिरते आहे. मी खोट शोधत होते. शेवटी सापडली. गाडीवानाने पुढच्या बाजूला आंब्याच्या पानांचं तोरण सुतळीने बांधलं होतं, ते मध्ये जरासं लोंबत होतं. मी म्हटलं, एवढी महागाची गाडी आणि तोरण असं भिकाऱ्यासारखं, छताच्या पुढच्या कडेच्या त्या लाकडी पट्टीत खिळा मारून ताणून बांधा की. गाडीवानाने धाकटीकडे पाहिलं. ती हसली आणि म्हणाली, ताई सांगते तसं करा. मी बोट दाखवलं तिथे त्याने खिळा ठोकला. खिळा आत जाताना मला जरा बरं वाटलं.

खरं दुखणं पुढेच होतं. संक्रांतीला गेले तेव्हा कळलं की धाकटी लिहायला शिकते आहे. मुलींच्या शाळेतल्या एक वयस्क मास्तरीणबाई तळ्याच्या पलीकडे राहत. यजमानांची संमती होती, पण सुनेने हातात पाटी घेऊन बाजारातून चालत जाणं तिच्या सासूबाईंना चालणारं नव्हतं. शिग्रामने ती अडचण दूर केली. झडपा लावल्या की आत कोण आणि कशाला बसलंय, कुणाला काय कळणार. आठवड्यातून दोनदा सासूबाई देवळाशी उतरत, गाडी सुनेला पुढे मास्तरीणबाईंकडे सोडी आणि येताना दोघींना घेऊन येई. विचारणाऱ्याला सांगायला देवदर्शन होतंच.

मला लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत आमच्या घरच्यांनी बाळबोध लिपी वाचायला शिकवलं होतं. लिहायला सुरुवात करणार तोच माझ्या सासूबाई काहीतरी बोलल्या, मग थोरला झाला, मग ते राहूनच गेलं. पोथी वाचता यायची, स्वतःचं नाव लिहिता यायचं नाही. धाकटीने पाटीवर माझं नाव लिहून दाखवलं. मी म्हटलं, छान. त्या दिवशी परत येताना डोंबिवली मागे पडेपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते, म्हणजे यांना माझे डोळे दिसू नयेत.

मग श्रावण आला. मंगळागौरीला मी कल्याणला गेले तर घरात सुतकासारखी शांतता. शिग्राम गळत होती. ज्येष्ठापासून मागच्या गादीवर पाणी टपकत होतं आणि मागची गादी सासूबाईंची. मागच्या भागावरचं कातडं एकदा बदललं, दोनदा त्यावर डांबर चढवलं, एकदा राळ आणि तेल कढवून ओतलं. गळायची ती गळतच राहिली. आदल्याच दिवशी, सोमवारी, सासूबाई रेशमी सोवळं नेसून, बेलाची परडी मांडीवर घेऊन शंकराला निघाल्या आणि भर रस्त्यात त्यांच्या डोक्यावर पाणी टपकलं. कातड्यावरून गळलेलं पाणी, सोवळ्यावर, बेलावर. त्यांनी तिथूनच गाडी वळवली, घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि मुलाला सांगितलं की हे ओवळं धूड अंगणात नको. भिवंडीचं एक गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बघायला येणार होतं.

धाकटी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. म्हणाली, "ताई, गाडी गेली की माझी पाटी गेली. तू घरची गळती दर वर्षी शोधतेस ना? एकदा बघ ना गं."

मला आनंद झाला. बहिणीचं तोंड एवढंसं झालेलं बघून मला आनंद झाला, तो तसाच लिहिते. मी लगेच हो म्हटलं, कारण माझा विचार पक्का होता. तासभर खटपट करायची, मग सापडत नाही म्हणून सांगायचं. बहिणीसाठी केलं असंही होईल आणि गाडीही जाईल.

पण माझा एक स्वभाव आहे. गळती शोधायला बसले की मला दुसरं काही सुचत नाही. आमच्या ठाण्याच्या बिऱ्हाडात दोन खोल्यांना मिळून सात ठिकाणी पातेली ठेवावी लागत, तेव्हा एवढं मला पक्कं ठाऊक होतं की पाणी जिथे टपकतं तिथे ते शिरलेलं नसतं. या लोकांनी सगळे उपाय मागच्या गादीच्या वर केले होते. मी आतलं कापडी अस्तर उसवायला लावलं. फळ्या कोरड्या ठणठणीत होत्या, त्या दिवशी पाऊस नव्हता. मग मी हळद मागवली, चांगली वाटीभर, आणि छताच्या फळ्यांना आतून हाताने चोळली. सासूबाईंच्या पानाच्या डब्यातला चुना घागरभर पाण्यात कालवला. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू त्यातूनच होतं, हे कुठल्या बाईला माहीत नाही? पण गाडीला ते लावून बघायचं त्या घरात कुणाला सुचलं नव्हतं. सासूबाई ओटीवरून म्हणाल्या की शिग्रामला हळद लागली, आता बोहल्यावर चढवा. त्यांना हसू आलं नव्हतं.

मी आत बसून झडपा लावल्या आणि एक अर्धवट उघडी ठेवली. गाडीवान चुन्याच्या पाण्याची घागर घेऊन वर चढला. मी सांगितलं तसं त्याने आधी मागच्या बाजूला पाणी सोडलं. हळद पिवळीच राहिली. मग मध्ये सोडलं. पिवळीच. मग तो पुढे आपल्या बसायच्या जागेवर उभा राहिला आणि पुढच्या बाजूला ओतू लागला.

पुढच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका उमटला. तो वाढला, फळीच्या सांध्याला धरून माझ्या डोक्यावरून मागे सरकत गेला, थांबला नाही, आणि बरोबर सासूबाईंच्या गादीवर येऊन टपकला. अंगणाला मागे उतार होता आणि गाडी नेहमी तशीच उभी असे. लाल रेघ जिथून निघाली तिथे लाकडी पट्टीत एक भोक होतं आणि भोकात गंजलेला खिळा हलत होता. वैशाखात लाकूड आटलं असणार आणि भोक मोठं झालं असणार. खिळा कुणाच्या सांगण्यावरून बसला, ते मला आठवायची गरज नव्हती.

आत मी एकटी होते. रेघ माझ्याशिवाय कुणी पाहिली नव्हती. पुसून टाकलं की झालं, हे माझ्या मनात आलं आणि मन पुढे काही बोलायच्या आत माझ्या हाताने पदर उचललासुद्धा. वीतभर रेघ मी पुसली. हळदीचा आणि चुन्याचा लाल भडक डाग पदरावर आला.

तेवढ्यात बाहेरून धाकटीने विचारलं, "ताई, सापडलं का गं?"

लहानपणी तिची बाहुली कुठे हरवली की ती याच आवाजात विचारायची. बहुतेक वेळा ती मीच लपवलेली असे.

"सापडलं," मी म्हटलं. त्यात चांगुलपणा नव्हता. तोंडून निघून गेलं. निघून गेल्याबरोबर जीभ चावली, पण तोवर तिने दार उघडलं होतं.

ती आत आली. वर पाहिलं. रेघ पुढून निघत होती, मध्ये वीतभर फिसकटलेली होती आणि पुन्हा सुरू होत होती. मग तिने माझ्या पदराकडे पाहिलं. मी पदर मुठीत धरला. तिने बाहेर जाऊन सासूबाईंना बोलावून आणलं.

सासूबाईंना मी सगळं समजावून दिलं. पाणी खिळ्याच्या भोकातून येतं, खिळा लाकडी पट्टीत आहे, कातडं तिच्या मागून सुरू होतं. म्हणजे डोक्यावर पडलेलं पाणी लाकडातून आलं होतं, कातड्याला ते शिवलंसुद्धा नव्हतं. सोवळं बाटलंच नव्हतं म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. मग त्यांनी विचारलं की हा खिळा मारला कुणी.

मी उसवलेलं अस्तर गोळा करू लागले. गाडीवान घागर खाली ठेवत म्हणाला, "खिला मीच मारलेला, आई. दसऱ्याला."

ते खरंच होतं. त्याला दोन शब्द ऐकून घ्यावे लागले आणि मी ते ऐकू दिले. मग त्याने खिळा उपटला, भोकात सागवानी खुंटी ठोकली, वरून राळ चढवली आणि दोन घागरी पाणी ओतून दाखवलं. थेंब आला नाही. भिवंडीच्या गिऱ्हाइकाला सकाळी दारातूनच परत पाठवलं. दुपारी धाकटी पाटी घेऊन त्याच गाडीत बसून गेली आणि मी तिच्या परसातल्या विहिरीवर माझा पदर धूत बसले. लाल गेलं, पिवळं राहिलं.

भाद्रपद संपता संपता ठाण्याला पत्र आलं. वरचा पत्ता वकिलांच्या हातचा होता, आतलं तिच्या. तिने आयुष्यात लिहिलेलं पहिलं पत्र. मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा चूक शोधली. नव्हती. अक्षर मोत्यासारखं नव्हे, पण सरळ आणि ठाम होतं, आणि मला पुन्हा पोटात दुखलं. मजकूर एवढाच होता:

"ताईस सा. न. वि. वि. दसऱ्याला अवश्य यावे. तोरण कुठे बांधायचे ते तूच दाखव. यंदा सुतळीने बांधू. लोंबले तरी चालेल."

तिला सगळं कळलं होतं. खिळाही आणि पदरही. आणि तरी तिने बोलावलं होतं.

मला उत्तर लिहायचं होतं. खिळा मी दाखवला, तोरण मुळीच वाईट दिसत नव्हतं, गाडीवानाला बोलणी बसली तेव्हा तोंड उघडायला हवं होतं, रेघ मी पुसायला निघाले होते, आणि मला तुझा फार हेवा वाटतो, हे सगळं. पण मला लिहिता येत नव्हतं. संध्याकाळी हे कचेरीतून आले, दौत घेऊन बसले आणि म्हणाले, सांग काय लिहू. त्यांना ते सांगता येण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, येतो म्हणून कळवा.

दसऱ्याला आम्ही गेलो. स्टेशनावर शिग्राम आली होती. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी यांच्याकडे पाटी मागितली. बोटं जड झाली होती, शिकायला चार वर्षं लागली. तोवर धाकटी बाळंतपणात गेली होती. तिच्या पत्राचं उत्तर राहिलं होतं, ते हे.