एकच घंगाळ, चार घरं

त्या सोमवारी सकाळी दहाला बसवराजचा मेसेज आला : 'आठवड्याची माहिती आलेली नाही. कृपया भरावी.' मी वैतागून मोबाईलवरच ओरडलो, "भरतो की रे बाबा, दम धर जरा!" पाठोपाठ त्याच्या मुलाचा फोन... बसवराज पहाटेच गेला होता. मेसेज कॉम्प्युटरनं आपोआप पाठवलेला. म्हणजे मेल्यावरसुद्धा या माणसानं मला सुखानं चहा पिऊ दिला नाही.

आम्ही मुरुम गावचे, शाळेत एका बाकावरचे. मी इथल्या पतसंस्थेचा मॅनेजर झालो आणि तो जिल्ह्याला, पतसंस्थांवर देखरेख करणाऱ्या ऑफिसात. तिथं त्यानं ही प्रणाली उभी केली आणि आमच्या डोक्याला कायमचा ताप झाला. कुठल्या संस्थेनं आपला पैसा कुठल्या संस्थेत ठेवलाय, हे दर आठवड्याला भरायचं! लग्नाच्या पंगतीतही शेजारच्या चेअरमनला विचारायचा, "तुमच्या ठेवी कुणाकडं हैत?" लोक ताट उचलून दुसरीकडं बसायचे. एकदा मी चिडलोच. "आमचं ऑडिट झालंय, हिशेब चोख हैत. आणखी काय पायजे तुला?"

"तुझे चोखच हैत रे. सगळ्यांचेच हैत. पण लग्नातलं हळदीच्या आंघोळीचं घंगाळ आठव. चार घरं म्हणत्यात, आमच्याकडं घंगाळ हाय. बघायला जावं तर एकच, ह्याच्याकडनं त्याच्याकडं मागून नेलेलं. एकाच मुहूर्तावर दोन लग्नं निघाली मग?"

"लई शहाणा हैस," मी म्हटलं. पण त्याच्या स्क्रीनवर आमच्यासह चार संस्था एकमेकींत अडकलेल्या दिसत होत्या. तोच पैसा चौघींच्या कागदावर! त्यानं कटकट करकरून आमच्या ठेवी तिथून हळूहळू काढायला लावल्या. बाकीच्यांनी ऐकलं न्हाय. त्यातली एक बुडाली, तिच्यामागं दुसऱ्या दोघी. दारात बायाबापड्या रडत बसलेल्या... आमचं शटर तेवढं उघडं राहिलं. आभार मानायला फोन केला तर म्हणतो, "ते असू दे, या सोमवारची माहिती कुठाय?" असल्या माणसाला मिठी मारावी की बदडावं? आणि आता मी भांडू कुणाशी?

तो गेल्यावरही मेसेज यायचे, मी शिव्या घालत भरायचो. गेल्या सोमवारी दहा वाजून गेले तरी मोबाईल गप्प. चहा टेबलावरच निवला. शेवटी त्याच्या ऑफिसात फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "काका, बंद केलंय ते. सर गेले ना आता."

"अगं, बसवराज गेलाय," मी ओरडलो, "घंगाळ अजून फिरतंयच की!"