कॉलरवरचा हात

फ्लेक्सचे बोर्ड आले आणि शांती नगरातल्या आमच्या ओळखीच्या पेंटरचं दुकानांच्या पाट्या रंगवण्याचं काम बसलं. मग तो माणसं रंगवू लागला. आईने लगेच बाबांना त्याच्यासमोर बसवलं. बाबा नुकतेच रिटायर झाले होते. वेळ नाही म्हणायचीही सोय उरली नव्हती.

तीन रविवार बाबा आमच्या हॉलमध्ये ताठ बसले. दर पाच मिनिटांनी आई स्वयंपाकघरातून यायची, त्यांची कॉलर सारखी करायची आणि "हलू नका" असं वर त्यांनाच बजावून जायची. पेंटर आपला रंगवत राहायचा. चौथ्या रविवारी त्याने चित्रावरचं कापड काढलं, तर बाबांच्या कॉलरवर कडेने आलेला एक हात! हिरव्या बांगड्या, अंगठ्याला हळद.

"हा हात कुणी मागितला होता?" बाबा गरजले.

"काका, त्या आल्या की तुमच्या कपाळावरची आठी जाते. हात काढला तर मला आठी रंगवावी लागेल."

आई जी आत पळाली, ती चहा घेऊनच आली.

चित्र दारासमोर लागलं. दुसऱ्याच सकाळी शेजारच्या गुजराती काकू आल्या. दार मी उघडलं. माणूस भिंतीवर जातो तो गेल्यावरच, हे त्यांनाही ठाऊक. त्यांनी चित्र पाहिलं, हात जोडले, डोळे भरून आले. "भगवान अंकल की आत्मा को शांति दे." मी लगेच बोलायला हवं होतं. खरं सांगतो, मुद्दाम जरा उशीर केला. तेवढ्यात अंकल टॉवेल गुंडाळून बाथरूममधून बाहेर! "अगं, साबण संपलाय!"

काकूंची किंकाळी तळमजल्यापर्यंत गेली.

काकू गेल्या आणि बाबा आईवर उखडले. "उतरव ते! जिवंतपणी टांगलंस होय मला?"

आईने खुर्ची ओढली. "उतरवते. मी गेल्यावर लावा, माझा हात आहेच त्यात. मग बघायला मी नसेन, पण लोक तरी घाबरणार नाहीत."

बाबांनी तिच्या हातातली खुर्ची घेतली. मला वाटलं, आता स्वतःच चढणार. त्यांनी ती चित्राखाली ठेवली, दार सताड उघडलं आणि तसेच, टॉवेलवर, पेपर वाचत बसले.

पुढे रोज संध्याकाळी (सदरा घालून) ते तिथेच बसत. जिन्यातून जाणाऱ्याला हाक मारत, "या हो, आत या!" माणूस बिचकत आत आला की बोट वर करत.

"हा मी. आणि हा हात आमच्या हिचा."