स्नो मोडवाल्या काकू

बदलापूरला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकू गाडीशी बोलतात. ‘हळू गं बाई, घाई नाही,’ असं म्हणतच गेटबाहेर पडतात. त्यांच्या नव्या गाडीत बर्फासाठी ‘स्नो’ बटण निघालं, तेव्हा सगळी बिल्डिंग हसली. काकूंनी मात्र माहितीपुस्तक वाचून काढलं.

मे महिन्यात जांभूळ गावी माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं; काकूही आपली गाडी घेऊन आमच्याबरोबर आल्या होत्या. आदल्या रात्री वळीव कोसळला आणि सकाळी मामाच्या घरासमोरच्या चढावर नवरीची सजवलेली गाडी चिखलात रुतली. मुहूर्त जवळ आलेला, मामा रडकुंडीला. काकूंनी नवरीला आणि मला आपल्या गाडीत बसवलं आणि ‘पुस्तकात लिहिलंय, चिखलातही चालतं हे,’ म्हणत ‘स्नो’ बटण दाबलं.

“ओ काकू, रेस द्या ना जोरात!” रुतलेली गाडी ढकलणारी पोरं ओरडली.

“जोरात दिली म्हणून तर तुमची रुतली,” काकू म्हणाल्या. मग नवरीला समजावू लागल्या, “आता मी पाय दाबला तरी इंजिन बेतानेच जोर देणार. एखादं चाक नुसतंच फिरायला लागलं, की गाडी त्यालाच ब्रेक लावते. मग जोर दुसऱ्या चाकाला मिळतो.”

एवढ्यात चाक घसरलं, खालून करकर आवाज आला. नवरीने माझा हात घट्ट धरला. काकूंचा पाय जराही हलला नाही. गाडी सावकाश चढून डांबरी रस्त्याला लागली.

कार्यालयात वेळेवर पोचून मुहूर्त गाठला. संध्याकाळी पाठवणीला सजवलेली गाडी धुऊनपुसून उभी होती, पण नवरी काकूंच्याच गाडीत जाऊन बसली. नवरदेव मुकाट्याने तिच्या शेजारी बसला.

काकूंनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. “पट्टा लावा जावईबापू, आणि तिला जरा निवांत रडू द्या.”